मढ ते पेठ : आमचं कॅसेट मंडळ

एस.टी.तून रिटायर झालो त्या दिवशी डेपोत तिकिटाची पेटी जमा केली, बिल्ला जमा केला, पंच जमा केला. किस्से जमा करून घ्यायला मात्र कोणी तयार होईना! क्लार्क म्हणाला, "त्याचा फॉर्म नाही आपल्याकडं." मग काय, ते माझ्याबरोबर घरी आले. बायको म्हणते, "एकदाचे सगळे सांगून टाका, म्हणजे घरात जागा होईल." पण एक सांगायला घ्यावा तर त्याचं बोट धरून दुसरे चार येतात.

म्हणून आज फक्त कॅसेट मंडळाचे सांगतो. मधे मधे बोलायचं नाही. मला राग येतो, आणि राग आला की मी शेवट विसरतो.

मंडळ म्हणजे चार माणसं. पहिल्या शकूताई, मढच्या. भातखाचरं, दोन म्हशी, सासू, नवरा, दोन मुलं, आणि या सगळ्यातून वेळ काढून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारी बाई! दुसरे पेठचे मोहन सर, हायस्कुलात गणिताचे मास्तर. तिसरे इक्बालभाई, ओतूरला कॅसेटचं आणि लाउडस्पीकरचं दुकान. आणि चौथा मी, मढ-पुणे मुक्कामी गाडीचा कंडक्टर.

चाळीस वर्षं होत आली या गोष्टीला. त्या वेळचा घरगुती कॉम्प्युटर म्हणजे वहीएवढी काळी पेटी, वर रबराची बटनं. पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा. प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की चींऽऽ कर्रर्र असा आवाज यायचा, आणि त्या आवाजातूनच प्रोग्राम पेटीत जायचा. लाइट गेली की पेटी सगळं विसरायची. कॅसेटवर असेल तेवढंच आपलं.

असली पेटी आमच्या भागात दोघांकडं. एक मढला शकूताईंकडं, दुसरी पेठला मोहन सरांकडं. शकूताईंनी लिहिलेला प्रोग्राम मी सकाळच्या गाडीनं ओतूरला आणायचा, इक्बालभाईंनी त्याच्या कॉप्या काढायच्या, आणि मग मी तो नारायणगाव, मंचर करत पेठला सरांच्या हातात द्यायचा. तुम्ही आता मोबाइलवर बोट टेकवता. आमच्या वेळी पेठच्या घाटात गाडी गरम झाली की प्रोग्रामसुद्धा रस्त्याच्या कडेला पाणी प्यायला थांबायचा!

*

यंदा मोहन सरांनी इंटरनेटवर जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपात सहज लिहिलं, की आमच्या मढच्या एका बाईंनी त्या रबरी बटनांच्या मशीनवर मराठी अक्षरं काढली होती. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून फोन! त्यांचं जुन्या कॉम्प्युटरचं फिरतं प्रदर्शन ओतूरला येणार होतं.

त्यांची अट सरळ होती. जुन्याच मशीनवर, जुन्याच कॅसेटवरून प्रोग्राम चालवून दाखवा. चालला तर बाईंच्या नावाची पाटी लावू, आणि ती पाटी प्रदर्शनाबरोबर गावोगाव फिरेल. नाही चालला तर नुसत्या ऐकीव गोष्टीची पाटी आम्ही लावत नाही.

शकूताईंनी सत्तरी ओलांडलीय. मी ही बातमी घेऊन मढला गेलो तेव्हा बाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "चालला पायजे, कंडक्टर भाऊ. त्या अक्षरांवर कुनी डेरीची पावती केली, कुनी शाळंचं टाइमटेबल केलं. नाशकापातूर गेली ती अक्षरं. पन ती कुनी काढली ते कुनालाच म्हाईत न्हाई. एकदा नाव लागू द्या. मला बगायचंय."

इतक्या वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, "लागणार म्हणजे लागणार!" आता मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी कशाच्या जोरावर बोललो, देव जाणे.

त्याचं काय झालं ते सांगतो, पण आधी हे खूळ मढला शिरलं कसं ते ऐका.

*

ती पेटी शकूताईंच्या भावानं आखातातून आणलेली. भाच्यांना गेम खेळायला. मुलं पंधरा दिवसांत कंटाळली आणि पेटी फडताळात गेली. बरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. शकूताई सातवी शिकलेल्या. त्यांनी मुलाच्या शाळेतली डिक्शनरी घेतली आणि एकेक शब्द लावत ते पुस्तक वाचायला बसल्या. पहिलं पान व्हायला आठवडा लागला.

त्यांचे मालक भागवतराव. माणूस सोन्यासारखा, पण जीभ म्हणजे विळा! ते रोज विचारायचे, "हे काय करतंय गं? भाकरी थापतंय? म्हस पिळतंय?"

एक दिवस शकूताईंनी त्यांना टीव्हीपुढं बसवलं आणि दोन ओळींचा प्रोग्राम चालवला. पडद्यावर इंग्रजीत भागवतरावांचं नाव उमटलं. एकदा नाही, वरून खाली, खालून वर, थांबेचना!

"हे काय लिवलंय?"

"तुमचं नाव."

भागवतराव बराच वेळ बघत राहिले. शकूताईंना वाटलं, आता कौतुक होणार. ते उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "माझं नाव हाये तर मला का वाचाया येत न्हाई? मराठीत बोलंल तवा सांग."

एवढं बोलून गडी खाचराकडं निघून गेला. इकडं बाईच्या डोक्यात किडा सोडून!

*

आता मराठीत बोलायचं कसं? पेटीत मराठी अक्षरच नाही. पण पुस्तकात एक गोष्ट सापडली. आपल्याला हवं ते अक्षर आपण बनवू शकतो. आडवी आठ घरं, उभी आठ घरं. त्यातली कुठली भरायची आणि कुठली मोकळी ठेवायची, ते आकड्यांत सांगायचं.

दुसरा कोणी असता तर शहरातून ग्राफपेपर मागवला असता. शकूताईंनी ट्रंकेतलं दुसुतीचं कापड काढलं! दुसुतीवर घरं मोजून टाके घालत बायका 'सुस्वागतम्'ची तोरणं भरायच्या, आठवतंय? तसंच हे. आठ घरांत अ, आठ घरांत आ. सुई-दोरा घेऊन बाईनं अख्खी बाराखडी भरायला घेतली. वेलांटी वर जागा खायची, उकार खाली लोंबायचा, आणि ज्ञ काही केल्या आठ घरांत मावेना. एका ज्ञ साठी त्यांनी पाच वेळा उसवलं.

उन्हाचं ओटीवर बसून टाके घालायच्या आणि तोंडानं आकडे लावायच्या. "चौसष्ट आन् सोळा, ऐंशी. ऐंशी आन् दोन, ब्याऐंशी."

येता-जाता बायका ऐकायच्या. आठ दिवसांत वाडीभर झालं, शकूला मटक्याचा नाद लागलाय! सासूबाई देवाला नारळ बोलल्या. भागवतरावांना पारावर कोणी तोंड दाखवू देईना.

आणि एक दिवस गावातला एक बडा असामी, नाव सांगत नाही, चांगला धोतर-टोपीवाला माणूस, इकडं तिकडं बघत ओटीपाशी आला. हळूच वाकून म्हणाला, "वयनी, कुणाला सांगत न्हाई. आजचा कोन्ता आकडा येनार?"

शकूताईंचं ध्यान कापडात. त्या म्हणाल्या, "ब्याऐंशी."

गडी खेळला. आणि लागला हो! पुढं दोन महिने बाईला ओटीवर बसायची चोरी झाली. भरतकाम आत चुलीपाशी करायला लागलं.

*

आता ही चूक माझी आहे. कबूल करतो. पण मजा ऐका.

एकदा सकाळी ओतूर स्टँडवर इक्बालभाईंनी मला दोन कॅसेटी दिल्या. एकीत शकूताईंचा नवा प्रोग्राम, ती पेठला सरांना द्यायची. दुसरीत सनईचौघडा, ती त्याच दिवशी स्टँडमागच्या मांडवात त्यांच्या माणसाकडं पोचवायची. दोन्ही एका कंपनीच्या, एका रंगाच्या. गाडीला गर्दी, मला घाई. झालं ते झालं.

मांडवात नवरदेव घोड्यावरून उतरून बोहल्याकडं निघाले. इक्बालभाईंच्या माणसानं रुबाबात बटन दाबलं. चार कर्णे, चारी दिशांना तोंडं. चींऽऽऽऽ कर्रर्रर्र! घोडं उधळलं. वरमाय मटकन खाली बसली. मुलीचे मामा अंतरपाट टाकून मशीनकडं धावले. आणि आमचे इक्बालभाई दुकानातून पळत आले ते मांडवाच्या दारातच थबकले. कान देऊन ऐकलं आणि ओरडले, "बंद करू नका! मधेच बंद केला तर प्रोग्राम खराब होतो!"

मामांनी त्यांना मारायचंच बाकी ठेवलं.

तिकडं पेठला मोहन सर. त्यांनी शाळा सुटल्यावर कॅसेट लावली. मशीन ढिम्म. आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. असे तीन तास! दुसऱ्या दिवशी मी पेठला उतरलो तर सर स्टँडवर हजर. डोळे तांबारलेले. म्हणाले, "शकूताईंना निरोप द्या. म्हणावं, या वेळचा प्रोग्राम फारच सुरेल झालाय. फक्त लोड होत नाही."

*

एकदा शकूताईंच्या प्रोग्राममध्ये चूक राहिली. सरांनी तो दुसऱ्या दिवशी शाळेत दाखवायचं ठरवलेलं, आणि मी नेमका रजेवर. कॅसेट जाणार कशी? शकूताई म्हणाल्या, "आवाजच हाये ना? मग फोनवरनं जाईल की!"

टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बाई मढच्या पोस्टात गेल्या. तिथून पेठला ट्रंक कॉल लावला. तिकडं सरांनी रिसिव्हरला टेप लावून ठेवला. इकडं शकूताईंनी रिसिव्हरजवळ कॅसेट चालू केली. पोस्टमास्तर आ वासून बघतायत.

अर्धा मिनिट झालं नसेल तर मधली ऑपरेटर बाई लाइनीवर आली. "अहो मढ! अहो पेठ! लाइन बिघडलीय, तुम्हाला ऐकू येतंय का?"

शकूताई ओरडल्या, "लाइन बरी हाये! तुमी मधी बोलू नका!"

"अहो पण कायतरी किंचाळतंय!"

"त्ये आमचंच किंचाळतंय!"

ऑपरेटरनं घाबरून लाइनच तोडली. मग पुन्हा कॉल लावून सरांना आकडे तोंडी सांगितले आणि काम भागलं. पण ऑपरेटरनं तक्रार लिहिली होती ना. सरकारी तक्रार म्हटल्यावर लाइनमन आला. ओतूरपासून मढपर्यंत एकेक खांब चढला. ऐन वैशाखात, तीन दिवस! चौथ्या दिवशी सकाळी स्टँडवर मला भेटला. अंगाचा पार कोळसा झालेला, पण चेहऱ्यावर काय तेज!

"सापडलं, भाऊ! मढच्या अलीकडं कावळ्यानं तारंवर घरटं केलं व्हतं. काढलं. आता पुन्हा चीं चीं येनार न्हाई!"

आणि खरंच पुन्हा आली नाही. त्याला काय सांगणार? मी त्याला चहा पाजला.

*

अक्षरं चांगली जमल्यावर शकूताईंनी एक उखाण्याचा प्रोग्राम केला. मशीन विचारणार, "नाव टाका." आपण मालकांचं नाव टाकायचं. मग मशीन आपल्या पोटातल्या ओळी जुळवून, त्यात ते नाव बसवून उखाणा पडद्यावर देणार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाडीतल्या बायका आल्या. टीव्हीपुढं दाटी झाली. पहिल्या सरूबाई बसल्या. पडद्यावर मराठीत आलं, "नाव टाका."

सरूबाई लाजून चूर. "आगं बाई, आसं कसं टाकू? उखाण्याबिगर नाव घेत्यात व्हय?"

घ्या! बाई उखाण्याशिवाय नाव घेईना, आणि मशीन नावाशिवाय उखाणा देईना! दोन्हीकडून गाडी अडलेली. पडद्यावर तो ठिपका आपला टुकटुक करत उभा.

तेव्हा एकीनं तोड काढली. आपण आपल्या मालकांचं नाव घ्यायचं नाही, पण शेजारणीच्या घ्यायला कोणाची बंदी आहे? हिनं तिच्याचं टाकायचं, तिनं हिच्याचं! सगळ्यांना पटलं. सरूबाईंनी शेजारच्या गंगूबाईंच्या मालकांचं नाव सांगितलं, शकूताईंनी टाकलं. उखाणा आला. तो कोणी वाचायचा हे मात्र ठरलेलं नव्हतं. सरूबाई पुढं बसलेल्या. त्यांनीच खणखणीत आवाजात वाचला,

"माळशेजच्या घाटात करवंदांची जाळी,
सखारामांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या वेळी!"

गंगूबाई ताडकन उठल्या. "का गं सरे? माझ्या सखारामाचं नाव तू का घेती?"

पुढचं मी सांगत नाही. तिळगूळ मात्र सगळा जमिनीवर होता, असं शकूताई सांगतात.

रातोरात बाईनं प्रोग्राम बदलला. आता मशीन नाव विचारतच नाही. उखाणा येतो, आणि नावाच्या जागी पडद्यावर येतं, "इथं लाजायचं."

तो प्रोग्राम नाशकापर्यंत गेला. सरांच्या मते शकूताईंचं सगळ्यात पक्कं काम तेच.

*

तर आता प्रदर्शनाची तयारी. शकूताईंची पेटी चालू निघाली, सरांच्या पेटीची रबरी बटनं तिला बसवली. जुना डब्बा टीव्ही इक्बालभाईंच्या माळ्यावर मिळाला. इक्बालभाई म्हणजे काही टाकून न देणारा माणूस. त्यांच्या माळ्यावर जाऊन मी तरुण होऊन आलो!

अडचण टेपरेकॉर्डरची. त्याचा आतला पट्टा वितळून गुळासारखा झालेला. इक्बालभाईंनी सायकलच्या ट्यूबची बारीक चकती कापून बसवली. टेप फिरायला लागला, पण डुलत डुलत. मशीनला ते मानवेना. आठ दिवस रोज दुकानात हेच. कॅसेट लावायची, चीं व्हायचं, आणि शेवटाला येऊन मशीन नाही म्हणायचं. प्रदर्शन चार दिवसांवर आलं. शकूताई रोज मढहून एस.टी.नं यायच्या. जाताना फक्त विचारायच्या, "उद्या व्हईल ना?" मला घास गोड लागेना.

भागवतराव त्यांच्या सोबतीला यायचे आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. आठव्या की नवव्या दिवशी त्यांचं टाळकं सरकलं. "आठ दिस झाले, एक डबडं चालंना!" म्हणून उठले आणि टेपच्या झाकणावर जोरात अंगठा दाबला.

प्रोग्राम लोड झाला!

अंगठा काढला की होत नाही. माझा अंगठा ठेवला, होत नाही. सरांचा ठेवला, होत नाही. कोनात काहीतरी असावं. शेतकऱ्याचा अंगठाच लागायचा त्याला! मग काय, भागवतराव मशीनचा पार्ट झाले. पाच मिनिटं न हलता दाबून बसायचं. शिंक आली तर शकूताई दुरून डोळे मोठे करायच्या आणि शिंक परत जायची. भागवतराव म्हणायचे, "पन्नास वर्सं हिच्या अंगठ्याखाली हाये, आता पाच मिन्टं माझा!"

*

आणि आता शेवटचा. हा मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही.

प्रदर्शनाचा दिवस. ओतूरचा तो हॉल गच्च. पुण्याच्या रेवती मॅडम टेबलावर कोऱ्या पाट्या घेऊन बसलेल्या, शेजारी त्यांचे पांढऱ्या दाढीचे अध्यक्ष. भागवतरावांनी अंगठा लावला. चींऽऽ कर्रर्र. पाच मिनिटं. सर डोळे मिटून उभे. आणि पडदा भरला! निळ्यावर पांढरी, मराठी. वर मोठ्या अक्षरात "यमुना, मढ." खाली अ, आ, इ, ई, सगळी बाराखडी. टाळ्यांनी हॉल उठला. सर लहान मुलासारखे रडायला लागले.

रेवती मॅडम हसत म्हणाल्या, "यमुनाबाई, या ना पुढं! पाटी लिहिते."

मी मधे तोंड घातलं. माझा स्वभावच तसा. "अहो मॅडम, यमुनाबाई ह्यांच्या सासूबाई! त्या गेल्या. प्रोग्राम ह्या शकूताईंचा." आणि सांगितलं त्यांना. पहिल्यांदा ही अक्षरं घरच्या टीव्हीवर आली तेव्हा म्हातारीनं आपलं नाव वाचलं. सुनंनं माझं नाव टीव्हीत घातलं म्हणून आळीभर साखर वाटली. त्या दिवसापासून म्हातारी म्हणायची, "शकूला लिवू द्या. म्हशींचं मी बगते." आला-गेला पाहुणा टीव्हीपुढं बसवून त्याला नाव वाचायला लावायची. सगळे हसले. भागवतरावांची मान ताठ झाली. "माजी आई!" ते शेजारच्याला म्हणाले.

शकूताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्ये माझं नाव हाये."



"माह्यारचं. मी यमुना. हितं लगीन करून आले, तर सासूबाईंचं नाव बी यमुना. एका घरात सासू-सून एका नावाच्या कशा चालतील? मग ताटात तांदळावर शकुंतला लिवलं, आन् झाले मी शकुंतला. मशीनवर लिवताना कुनी बगत नव्हतं. म्हनून मी आपलं माझं लिवलं. सासूबाईंना वाटलं त्यांचं. इतक्या खूश झाल्या, इतक्या खूश झाल्या... म्हटलं, राहू दे."

चाळीस वर्षं! बाईंचं नाव मी रोज पेठपर्यंत नेत होतो, आणि मला पत्ता नाही. मला माझीच लाज वाटली.

अध्यक्ष भला माणूस, पण नियमाचा. त्यांनी आधार कार्ड पाहिलं. त्यावर शकुंतला. "शाळेचा दाखला असेल ना, ताई? यमुना नावाचा?"

"माह्यारचं गावच धरनात गेलं. शाळा बी गेली."

"दुसरा काही पुरावा?"

शकूताईंनी मान हलवली. अध्यक्ष अवघडले. म्हणाले, "पडद्यावर एक नाव, कार्डावर दुसरं. पाटी गावोगाव जाणार, कोणी विचारलं तर मी काय दाखवू? सध्या 'लेखक अज्ञात' लिहू या. कागद मिळाला की बदलू."

शकूताई म्हणाल्या, "बरं." आणि हॉलच्या त्या टोकाला मशीनपाशी जाऊन, आमच्याकडं पाठ करून वायर गुंडाळायला लागल्या.

ते "बरं" मला सहन झालं नाही. मी बाह्या सरसावून अध्यक्षांवर गेलो. "अज्ञात कशाला लिहिता? समोर उभी आहे ना बाई!" इक्बालभाईंनी माझा शर्ट मागून धरला. सर मधे पडले. सगळे एकदम बोलायला लागले.

तेवढ्यात भागवतराव उठले. या माणसानं पन्नास वर्षांत बायकोला 'ए, ऐकलं का' याशिवाय हाक मारलेली नाही. शकुंतला म्हणूनसुद्धा नाही. आणि हे नाव तर आईचं, ते तोंडातून काढायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी टोपी नीट केली. घसा खाकरला. आणि खाचराच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसे ओरडले,

"यमुनाऽऽ!"

शकूताई वळल्यासुद्धा नाहीत. हातातली वायर गुंडाळता गुंडाळताच म्हणाल्या,

"ओ! आले, आले!"

रेवती मॅडमनी अध्यक्षांकडं बघितलंही नाही. कोरी पाटी पुढं ओढली आणि लिहायला लागल्या.